टेस्ट ड्राइव्ह, कुंभारीच्या पुढं

सेल्समन पोरगा डांबर संपेपर्यंत बोलत होता:
चारी चाकांना ताकद, उतारावर आपोआप ब्रेक,
पाठीमागं कॅमेरा.
इरण्णा गप्प. एक हात स्टिअरिंगवर,
एक खिडकीबाहेर, उन्हात.

मग ओढा.
काळी माती, वरून भेगाळलेली, आत लोणी.
पडद्यावरच्या नकाशात आम्ही कुठंच नव्हतो,
नुसता निळा ठिपका, कोऱ्या जागेत थरथरत.

मागचं डावं चाक रिकामंच फिरलं,
एकदा, दोनदा,
मग खाली कशाला तरी धरून बसलं.
गाडी वर आली म्हशीसारखी, चिखल गाळत.

इरण्णानं उतरून हौद्याचा पत्रा टिचकीनं वाजवला,
मडकं घेताना वाजवतात तसा.
"रिकामी कुणीबी चढतंय.
उद्या कांद्याच्या तीस गोण्या टाकून येऊ."

पोरानं माहितीपत्रक मिटलं.
पडद्यावर हळूहळू
अक्कलकोट रोड उगवला.