गच्चीवर कोण कोण

मे महिना, दुपारचे दोन, पारा सेहेचाळीसच्या वर.
पाचपावलीत चिटपाखरू नाही.
रसवंतीचा घाणा घुंगरांसकट गप्प,
कुत्री नालीच्या गाळात पोट टेकवून,
आणि मी खांद्यावर कूलरची मोटर घेऊन चाललोय,
तोंडाला दुपट्टा, डोळे तेवढे उघडे.
समोरून एक माणूस येतो, तसाच गुंडाळलेला,
पाय ओढत, हात लोंबत.
दचकत कोणीच नाही.
इथं दर उन्हाळ्यात जग असं थोडंसं संपतं
आणि साडेपाचला पाणी शिंपडून पुन्हा उघडतं.

घरी प्रणीत, माझा भाचा, खसच्या ओल्या वासात उताणा.
छातीवर मोबाईल, मोबाईलमध्ये झोंबी.
नीटचा निकाल महिन्यावर आलाय,
त्याबद्दल एक शब्द नाही.
"मामा, ते आले तं आपून कुठं लपाचं?"
"गच्चीवर," मी म्हणतो, पेचकस शोधत.
"मंग जिना तोडा लागन."
वहीच्या मागच्या पानावर तो यादी काढतो
(पुढच्या पानांवर बेडकाची पचनसंस्था).
आई : सरगुंडे, वड्या, लोणचं. तीन महिने.
मामा : मोटर, वायरिंग. "तू तं लागशीनच."

लागशीनच.
बेचाळीस वर्षांत हे मला कोणी म्हटलं नाही.
मृग लागला की लोक माझा नंबर पुसून टाकतात.
या पोराच्या बुडालेल्या जगात मात्र
रँक नाही, हप्ता नाही, फक्त
कोणाला काय येतं, एवढंच विचारतात.

धकाते काका : शिडी.

"काऊन बे? त्यांना काऊन?"
मोरीच्या पाण्यावरून आठ वर्षं झाली.
त्यांच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका आली नाही.
भाऊजी गेले तेव्हा ते फाटकापर्यंत आले,
कडीला हात लावला, परत गेले.
"शिडी त्यायच्याच घरी हाय ना, मामा."
"मग शिडी घेऊ. त्यांना कायले वर घ्याचं?"
तो माझ्याकडे बघतो, जरा जास्तच वेळ,
जसं माणूस चावलाय का ते तपासतात.

खरं जग संपायला आलं तेव्हा
दार कोणी फोडलंच नाही.
दारं आपणच लावली, आतून.
मेडिकलच्या बाहेर ऑटोत भाऊजी श्वास मोजत बसलेले,
आणि मी सिलेंडरच्या रांगेत, टोकन एकशे बारा.
त्याला दात नव्हते. डोकं नव्हतं.
असतं, तर माझ्या हातात चोवीसचा पाना होता.
म्हणून तर आपल्या गावात मारबत निघते ना,
डेंग्यू, महागाई, ज्याचं जे काही असेल ते
तिच्या कागदी अंगाला चिकटवायचं
आणि ओरडत ओरडत वेशीबाहेर न्यायचं.
ज्याला तोंड आहे, त्यालाच तर जाळता येतं.

हे सगळं मी बोललो नाही. एवढंच म्हटलं,
"अन् तुले हे सडके चेहरे बघून भ्याव नाही वाटत?"
प्रणीतनं पडदा थांबवला.
"वाटते ना.
पण ते वापस तं येतात, मामा."

कूलरचा पंप तेवढा गुरगुरत राहिला.
मी उगीच टाकीत हात घालून पाणी बघितलं.

साडेपाच. गल्लीत कोणीतरी पहिली बादली ओतली.
आमच्या कूलरची वरची जाळी बसवायची होती,
स्टुलावर हात पोचत नव्हता, असं म्हणू.
मी धकात्यांच्या फाटकाशी उभा.
कडी तापलेली.
आत त्यांची मोटर किंचाळत होती,
बेअरिंग गेलंय,
रस्त्यावरूनच कळत होतं,
बहुतेक गेल्या उन्हाळ्यापासूनचं.