बत्तीसाला एक

खोक्यातलं इंजिन म्हणजे साबणाची वडी.
एकसंध, गुळगुळीत, वर चार रेघा मारलेल्या,
कुणीतरी लांबून, गॉगल लावून
चेतककडे बघितल्यासारखी.
मी सत्तावीस वर्षं जुहूच्या हँगरमध्ये
त्याच्या खाली होतो, वर होतो,
खांद्यापर्यंत आत होतो.
पहिल्याच रात्री वडी कापून टाकली.

आता तिथे खड्डा आहे
आणि टेबलावर
इर्ल्याच्या दातवाल्या डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या पोकळ सुया,
त्यांच्या तेलाच्या नळ्या होतील;
माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं,
त्यांच्या पन्नीचे सीटचे पट्टे;
आणि लोहार चाळीतली फ्यूजची तार,
जिचे दुकानदाराने पैसेच घेतले नाहीत.
म्हणाला, काका, एवढ्याशा तारेचं बिल काय फाडू?

सहा मिलीमीटरचा बोल्ट. भागिले बत्तीस.
शून्य पूर्णांक एकोणीस.
रांगोळीचा कण याच्यापुढे धोंडा.
आणि त्याला सहा कडा हव्यात.
कुमुद म्हणते, गोल केलात तर कुणाला कळणार?
मी म्हणतो, मग पाना कुठे बसणार?
ती माझंच भिंग उचलून
माझ्याकडे बघत राहते
बराच वेळ.

प्लास्टिकची काडी मेणबत्तीवर धरायची,
लकाकी आली की बाजूला घेऊन ओढायची.
हे मात्र तिनेच शिकवलं: पाकासारखं बघा,
एकतारी झाला की थांबायचं.
घाई केली की तुटते.
थांबून विचार केला तरी तुटते.

परवा रोटरच्या डोक्याची कडी चिमट्यातून उडाली.
बॅटरी घेऊन दोघं फरशीवर ओणवे.
मोहरी सापडली. टिकली सापडली.
हरवली म्हणून जिच्यावरून भांडलो होतो
ती कपाटाची किल्ली सापडली.
दुसरी कडी केली, दोन दिवस घालवून.
मग पहिली निघाली
माझ्या डाव्या भुवईत.

पुस्तकातल्या फोटोत सीट शाबूत आहे.
आमच्या मशीनची नव्हती.
डावीकडची शिवणीपाशी उसवलेली,
बेनी मिस्किटाने गेटबाहेरच्या मोच्याकडून
पिवळ्या दोऱ्याने शिवून आणलेली,
कारण काळा संपला होता.
साहेबांनी मेमो दिला.
मेमोला उत्तर गेलं. दोरा राहिला.
समुद्रातल्या फलाटावर कितीतरी माणसं
त्या दोऱ्यावर बसून गेली आणि परत आली.

ब्रशचा एक केस पिवळा रंगवून
मी टाके घातले. नऊ.
रात्री झोप लागेना. नऊच होते?

सकाळी वसईला फोन लावला.
बेनीची वाचा गेली त्याला दीड वर्ष झालं.
लूर्डिस म्हणाली, ऐकतो सगळं, तू बोल.
बोललो. डावी सीट, बेन्या. पिवळा दोरा.
टाके किती होते रे?
पलीकडे काहीच नाही.
कुकरची शिट्टी, कुठलीशी कोंबडी.
मग खाटेच्या लोखंडावर बोट वाजायला लागलं,
सावकाश, मधे एकदा दम खाऊन.
मी पेन्सिलीने रेघा ओढत गेलो.
अकरा.
लूर्डिस विचारत होती, काय म्हणतो तो?
काय म्हणतो?

नऊच्या नऊ उसवले.

ऑक्टोबरची दुपार, खिडकी लावलेली,
पंखा बंद, नाहीतर केस उडतो.
सात झालेत.
कुमुद पलंगाच्या पार त्या टोकाला,
माझ्याकडे पाठ करून,
गॅसच्या पुस्तकाने वारा घेत बसली आहे.