आखूड पायाचं बाक

गुरुवारी दुपारी आम्ही बायका जमतो
पत्र्याच्या देवळात,
जिथून तीन दऱ्या दिसतात आणि रस्ता एकच.
मालिपुओ वाचते. चष्म्याची एक काडी दोऱ्याची.

मुलं कोवळ्या रोपांसारखी वाढोत आमची.
रोप म्हणजे, ती सांगते, जे कुणी उपटत नाही.
मापालेसाचे दोघे सीमेपलीकडे, सोन्याच्या खाणीत.
एकाचा खोकला फोनवरही ओळखू येतो.

मुली आमच्या कोरीव खांबांसारख्या.
मागून कुणीतरी हसतं:
छप्पर बायकांच्या डोक्यावर असतं,
हे त्या जुन्या राजालाही ठाऊक होतं तर!

कोठारं भरलेली.
मक्याची दोन पोती, त्यातलं एक मिशनचं. पुढे.

मेंढ्या हजारांनी.
इथे सगळ्या गप्प.
हजार कुणी मागितल्या होत्या?
सत्तावीस होत्या त्सेलिसोच्या.
जूनच्या बर्फात, एका रात्रीत, दरीपलीकडे गेल्या.
पुरुष माग काढत निघाले,
घोंगड्यांखाली बंदुका.
एकोणीस मेंढ्या परत आल्या.
पलीकडचा एक मुलगा घरी गेला नाही.
सतरा वर्षांचा. रोपच.

आमच्या वाटांवर आकांत नसो.
'नव्हताच,' मालिपुओ पुस्तकावर हात ठेवून म्हणाली.
'त्या रात्री इकडे कुणी रडलं नाही.
आपण मेंढ्या मोजत होतो.
आकांत पलीकडे होता, वारा इकडचा,
सगळं ऐकू येत होतं.
आपण दारं लावली
आणि म्हणालो, शांत आहे गाव.'

तेव्हाच दारात ती उभी.
काळी घोंगडी, तीन तास चालून फुटलेल्या टाचा.
आमच्याकडे बाईला मुलाच्या नावाने हाक मारतात,
मुलगा गेला तरी नाव जात नाही.
तिला या म्हणायचं
तर त्याचं नाव घ्यावंच लागणार होतं.

'खोत्सो,' ती म्हणाली.
शांती असो. आम्ही रोज म्हणतो,
वाटेत, दुकानात, शेण गोळा करताना.
कुणाचंच तोंड उघडेना.
मग मापालेसा सरकली.
'खोत्सो, माकोपानो. बस.'

मालिपुओने पान मागे उलटलं,
पहिल्या ओळीपाशी अडली, खाकरली,
आणि वाचलं,
आपली मुलं.

त्या बाकाचा एक पाय आखूड आहे.
नवं माणूस बसलं की ते कलतं.
कलू नये म्हणून
आम्ही सगळ्यांनीच
पाय जमिनीत रोवून धरले.