शिशाची पट्टी

जुने प्रश्न ठोकून सपाट करणं, हा माझा धंदा.
दोदोनाच्या ओकवृक्षाखाली बसतो.
एका नाण्याला एक पट्टी. शिसं मऊ, नखानंही ओरखडतं.

पुजारी पाय न धुता जमिनीवर निजतात,
म्हणे देव त्यांना मातीतून ऐकू येतो.
मला ऐकू येते ती फक्त काशाची कढई,
एकदा घुमली की भाकर संपेपर्यंत थांबत नाही.

आज अंब्राकियाहून फैनारेता आली.
मला लिहिता येत नाही, म्हणाली, तूच कोर :
'मेंढरंवाल्या विधुराला जावई करू,
की खाडीपलीकडच्या त्या तोतऱ्याला?
मुलगी काही बोलत नाही.'

कोरताना खालची अक्षरं वर आली.
हातोडा तिथे हलका पडला असणार.
कुणा एर्गेतासनं विचारलं होतं,
'ती परत येईल का, की दार लावून घेऊ?'

पट्टी उलटी केली. मागच्या बाजूला लिहिलं.
घडी घालून तिनं ती कमरेला खोचली
आणि विचारलं, उत्तर कुठे लिहून मिळतं?

उत्तराचं शिसं माझ्याकडे कधी आलं नाही, बाई.

पानं सळसळली. एक पारवा उडाला.
ती खाली बसली,
चपलेतला खडा काढायला.