कितीवर येते

गुरुवारी नऊला पेन क्लिनिकचं शटर वर जातं
आणि मी टेबलावर पट्टी मांडते.
एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला दहा,
दहाखाली छापलंय: कल्पना करता येईल अशी सर्वांत तीव्र वेदना.
मराठी भाषांतर पुण्याहून मंजूर होऊन आलंय.
त्यात ठणका नाही, चमक नाही, शिणक नाही,
नुसती वेदना, वेदना,
जणू सोलापुरात दुखताना कुणी असं म्हणतं.

सत्यम्मा वडनाल, वय एकावन्न, क्रमांक शून्य चार सात.
उजवा अंगठा, मनगट, तिथून कोपरापर्यंत.
"आकड्यात सांगा मावशी."
"मंट," ती म्हणते. म्हणजे आग.
मग "तिम्मिरी," आणि बोटं झटकते,
चिकटलेला तंबाखूचा चुरा झाडावा तशी.
"हो, पण आकडा?"
ती सगळ्यांना तू म्हणते, मोठ्या डॉक्टरांनासुद्धा.
"आकडा पायजे होय तुला? लिही, तीनशे."

पट्टी दहावर संपते, मी सांगते.

"पट्टी तुझी. हात माझा.
दिवसाला हजार वळायच्या.
तीनशेव्या विडीला येते ती.
आधी येत नाही. आली की जात नाही."

चौकटीत मी आठ लिहिलं.
समासात पेन्सिलीनं, बारीक: ३००.

पांढऱ्या डबीत चौदा गोळ्या.
औषध आहे की नुसतं पीठ, तिला ठाऊक नाही,
मला नाही, डॉक्टरांनाही नाही.
ज्याला ठाऊक आहे तो लिफाफा
बंगळुरात कुठल्याशा कपाटात, लाखबंद.
ती एक गोळी तळहातावर तोलते.
कमी भरलेली विडी तिला न बघता कळते.
याबद्दल मात्र काही बोलत नाही,
डबी पदरात बांधते, उठते.

दुसऱ्या आठवड्यात तीनशे दहा.
तिसऱ्यात दोनशे ऐंशी, "सुनेशी वाजलं".
पाचव्यात चारशे. चव्वेचाळीस डिग्री ऊन,
पत्र्याखाली बसून, तरी चारशे.
पट्टीवर ती आठाचे सात झाली, सातावर थांबली.

मग तपासणीला मॉनिटर आले.
समासावर बोट ठेवून म्हणाले, हे काय?
मी खोडरबर काढला.
कागद जरा खरवडला गेला, एवढंच.

नवव्या गुरुवारी ती आली नाही.
दहाव्या नाही. अकराव्या नाही. फोन बंद.
तीन प्रयत्नांनंतर यादीतून कारण निवडायचं असतं.
मी निवडलं: पाठपुराव्यात हरवली.
कॉम्प्युटरनं विचारलं, नक्की?

संध्याकाळी स्कूटी काढली.
विडी घरकुलात चारदा पत्ता विचारला,
प्रत्येकाने हात त्याच गल्लीकडे केला.
दारात, मांडीवर सूप घेऊन,
हरवलेली सत्यम्मा कात्रीनं पान कापत होती.

"गुरुवारी आता माल घेतात कारखान्यात.
चेकर नवा हाय. उशीर झाला की शंभर छाटतो."
कात्री थांबली नाही.
"काल साडेपाचशेवर आली."

मी विचारलंही नव्हतं.

गोळ्या संपून तीन आठवडे झाले होते,
म्हणजे खाल्ल्या असतील तर.
पांढरी डबी तिच्या गुडघ्याशी होती,
आत दोऱ्याची गुंडी.
"डबी चांगली हाय तुझी," ती म्हणाली.
मी पुढचं विचारलं नाही.
साडेपाचशे कुठं लिहायचे तेही सुचेना,
फाइल बंद होती,
आणि समास नव्हता.

पाणी प्यायला मान वर केली
आणि हात आपोआप मागे गेला, मानेवर,
जिथं दुपारपासून काहीतरी ओढत होतं.
तिने पाहिलं.
"तुझी कितीवर येते?"

कितव्या पेशंटला, कितव्या चौकटीला,
मला आठवेना.
मोजलंच नव्हतं कधी.

"मोज," ती म्हणाली,
आणि पानात तंबाखू भरून
पुढची वळायला घेतली.