गणंग

एप्रिलचा शेवटचा रविवार, सव्वासहा.
विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर
भिंतीला टेकलं तरी पाठ भाजते.
अंगाची लाही लाही होत असताना
लाह्याच करायला घेणारं घर
गल्लीत आमचं एकटंच असेल.

आर्जवी म्हणते पॉपकॉर्न.
अण्णा म्हणतात मक्याच्या लाह्या.
मी काहीच म्हणत नाही,
जाड बुडाचं पातेलं शोधत राहतो.

घाई आहे.
दिवस मावळला की अण्णा तोंडात काही घालत नाहीत,
आणि कॅलेंडरच्या चौकटीत बारीक अक्षरांत
आजचा सूर्यास्त सहा एक्कावन्न.

दोन पळ्या शेंगतेल.
आधी तीनच दाणे, हेर पाठवावेत तसे.
ते बुडाशी गप्प पडून राहतात,
मग एक जागच्या जागी फिरतो
आणि टण्णकन झाकणाला डोकं आपटून
बाकीच्यांना काहीतरी सांगतो.

आता मूठभर. मीठ. चिमूटभर हळद,
कारण मार्केट यार्डात अडतीच्या गादीवर
सदतीस वर्षं पट्ट्या लिहिलेल्या माणसाला
पिवळं नसलेलं काही खरं वाटत नाही.
हळकुंड कानाशी धरून मोडायचे अण्णा
आणि आवाजावरून ओल सांगायचे.
पुढं मशीन आलं. तेसुद्धा
अण्णांना विचारूनच आकडा दाखवतं,
असं हमाल म्हणायचे.

झाकण दुसऱ्याच भांड्याचं, नीट बसत नाही.
फडक्यानं दाबून धरतो, हलवतो.
तड.
तड तड.
मग एकदम शाळा सुटते.
आतल्या खोलीतून अण्णा ओरडतात,
"गॅस बारीक कर, सुकुमार!"
त्रेचाळीस वर्षांचा आहे मी.
बारीक करतो.

दोन आवाजांमधली शांतता आर्जवी बोटांवर मोजते.
एक, दोन, तीन. बंद.

परातीत वरवर सगळं फुललेलं,
आणि तळाशी, बोटांना टोचतात ते,
गणंग.

हा शब्द घरात माझ्यासाठी होता.
बारावीला दोनदा बसलो, म्हणून.
मग कॉलेजसमोर झेरॉक्सचं दुकान टाकलं, म्हणून.
"अख्खी कढई फुलली, हा गणंग तेवढा राहिला,"
पाहुण्यांसमोर, बशीत चहा ओतता ओतता,
राग नाही, काही नाही,
मालाची प्रत सांगावी तसं.

अण्णांना दात नाहीत. लाही जिभेवर ठेवून
ती विरघळेपर्यंत थांबतात.
आर्जवी तळ चाळते. "आजोबा, अकरा!"
त्यातला एक ते उचलतात, फरशीवर टाकतात,
मान तिरकी करून ऐकतात.
पुन्हा टाकतात.
"ओल उडालीय ह्याची," म्हणतात.
"आत ओल असेल तरच फुटतो.
ह्यात दाण्याचं काय चुकलं?
डबा कुणी उघडा ठेवला होता?"

पंखा फिरतो.
कुणी ठेवला होता, कुणीच बोलत नाही.
ते माझ्याकडे बघत नाहीत. खिडकीकडे बघतात,
ऊन किती उरलंय ते.

मी अकराच्या अकरा परत पातेल्यात टाकतो.
फुटणार नाहीत, मला माहीत आहे.
काळे पडतात, धूर होतो, आर्जवी खोकते,
खालून मगदूमकाकू काय जळतंय विचारतात.
आणि एक, का कोण जाणे,
अर्धाच, वाकडा, एका अंगानं करपलेला,
फुटतो.

सहा चोपन्न.

अण्णांची चूळ भरून झालेली.
तरी तळहात पुढं करतात,
चष्मा कपाळावर सरकवून बघत राहतात,
मग चष्म्याच्या डबीत, काच पुसायच्या फडक्यावर,
ठेवून देतात. सकाळसाठी.

सकाळी त्याला मुंग्या लागल्या होत्या.
मी दुकानाच्या किल्ल्या घेऊन निघालो तेव्हा
अण्णा खुर्ची ओढून डबीसमोर बसले होते,
एकेक मुंगी आपली आपण
जाईपर्यंत.