वारा कमी पडतोय

कोइमतूरला आमच्या गलाईच्या दुकानामागं
एका गॅरेजात ती ताडपत्रीखाली पडून होती, नऊ वर्षं.
टोयोटा. दोनच सीटा. सत्त्याऐंशीचं मॉडेल.
इंजिन पुढं नाही, पाठीमागं,
मागच्या बाकावरून सतत कुजबुजणाऱ्या पोरासारखं.
दुकान विकलं तेव्हा भाऊ म्हणाला, विट्यात प्लॉट घे.
मी ती घेतली.
ट्रेलरवरून उतरवताना आण्णा ओट्यावर बसले होते,
एवढंच बोलले :
"बाकीच्यांनी कुठं बसायचं?"

तिचा एक रबरी बुश ओसाकाहून यायला
एकेचाळीस दिवस लागतात,
आणि कस्टमचा आकडा बुशाला लाजवतो.
म्हणून मी कुपवाडला जातो, दस्तगीर मिस्त्रीच्या लेथवर.
तो फाटका बुश अंगठ्यावर फिरवतो,
जीभ टाळूला लावून थांबतो,
"पंपाच्या कपलिंगचं रबर चालंल," म्हणतो.
चालतं.
जपान्यांना कळू नये असं बरंच काही आहे तिच्या पोटात :
ट्रॅक्टरचा होज,
दूध संघाच्या टँकरची एक क्लिप,
आणि सायलेन्सरवर दस्तगीरच्या पोरानं
वेल्डिंगनं काढलेलं स्वतःचं नाव.

जगभर लोक असल्या गाड्या खाली बसवतात,
रस्त्याला पोट टेकेपर्यंत.
मी पहिलं काम केलं ते उलटं.
दीड इंच वर उचलली,
कारण मार्केट यार्डापुढचा गतिरोधक
कुणाच्या बापाला ऐकत नाही.

दुसऱ्या वर्षी तिचा मेंदू गेला.
डबी उघडली तर आत हिरवी बुरशी,
तांब्याच्या भांड्यात ताक राहावं तशी.
मग मी तिला अडाणी केली :
जोड कार्बोरेटर बसवले.
तीन महिने ती खोकत होती.
मी जेट वाढवत गेलो, एकशे पस्तीस, एकशे चाळीस,
भुकेलीय असं वाटून,
आणि ती धूर ओकत गेली.
कुंदानं पेट्रोलच्या पावत्या
फ्रीजच्या दारावर लावल्या,
काही न बोलता, तारखेप्रमाणे.

एका संध्याकाळी चारी प्लग
पेपरावर मांडून मी नुसता बघत होतो.
आण्णा आले. काठी टेकवली.
चाळीस वर्षं भट्टीपुढं बसून
ज्यांच्या भुवया कधी नीट उगवल्याच नाहीत ते आण्णा.
एक प्लग उचलला, उजेडाकडं धरला,
काजळी चिमटीत चोळली, वास घेतला.
"मूस काळी पडलीय," म्हणाले,
"कोळसा चिक्कार. वारा कमी पडतोय."
आणि चहाला आत गेले.

मी सात वर्षांचा असताना
भट्टीपाशी घड्याळ बघितलं म्हणून त्यांनी मारलं होतं.
घड्याळात सोनं वितळत नाही, रंग बघ.
मी रंग बघायला शिकलो नाही.
मी भाव बघायला शिकलो,
म्हणून तर दुकान विकावं लागलं.

एकशे वीसचे जेट.
रात्री अकराला घातले, पहाटे काढून बघितले :
चारी प्लग खारकेच्या रंगाचे.

रेणावीचा घाट, साडेपाच, अजून ट्रॉल्या सुटल्या नव्हत्या.
शेजारी आण्णा, गुडघे छातीशी,
धोतराचा सोगा हँडब्रेकवर.
तिसऱ्या वळणावर ती खोकली नाही.
चौथ्यावर मी वाट बघितली, खोकली नाही.
पाचव्या वळणानंतर मागचा आवाज असा एकसारखा झाला
की आण्णांनी मान थोडी तिकडं वळवली,
जसं ते दुकानात वळवायचे,
आत कुणी नाणं टाकलं की.
बोलले काही नाहीत.
मीही विचारलं नाही.

वर त्यांना बाहेर काढायला दोघं लागलो,
मी आणि चहाच्या टपरीवाला.
टपरीवाल्यानं गाडीला एक फेरी मारली,
बॉनेटवर टिचकी मारून बघितली,
मग सगळे विचारतात तेच विचारलं :
"ॲव्हरेज किती देती?"

साडेनऊ देते. उतारावर.

मी तोंड उघडायच्या आत आण्णा,
ज्यांनी उभ्या आयुष्यात गुंजभर सोन्याचं खोटं केलं नाही,
बशीत चहा ओतत म्हणाले,
"अठरा."